डी-के-ई म्हणजे काम

“बाई, ओ बाई! आहा का घरी?”

वहिनींच्या हाकेत ‘बाई’चा ‘ई’ लांबला की समजायचं, बातमी शिळी नाही. तुळशीला पाणी घालत होते, तशीच ओल्या हातानं कुपाटीपाशी गेले. आमच्या दोन वाड्यांमधली ही कुपाटी बोरीच्या काट्यांची. बावीस वर्षांत तिच्यात कोणी नवा काटा खोवलेला नाही. तिला मधोमध एक भगदाड आहे, तेवढं मात्र दोघी मिळून सांभाळतो. वाटी जाण्यापुरतं.

पलीकडे वहिनी मांडीवर सूप घेऊन वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डिसेंबरातलं ऊन आत्ता कुठे आरमोरीच्या कौलांवरून खाली उतरत होतं.

“काय झालं?”

“का होनार जी! पोट्टा रातभर झोपला नाई. लॅपटॉपले शिव्या देते. मी म्हनलं, कोनासंग भांडन झालं का? तं म्हनते, आई, मालकाले चौकोन दिसते.”

“कसला चौकोन?”

“मले का ठावं! मी म्हनलं, चौकोन दिसत असन तं डोरे तपासून आना म्हना मालकाचे. गडचिरोलीले नेऊन दाखवा. तं माह्यावरच खेकसला.”

आता हा मालक कोण ते सांगते, पण नाव सांगणार नाही. कुपाटीवरचं कुपाटीवरच राहिलेलं बरं. वहिनींचा मुलगा पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइटी बनवतो. २०२० च्या टाळेबंदीत घरी आला आणि इथंच राहिला. दिवसा पुण्याचं काम. रात्री, कोणाच्या तरी शब्दाखातर, वडशाच्या एका नाटक कंपनीची वेबसाइट. वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन तिथं, त्यामुळे बाहेरगावचे नट-नट्या तिथं उतरायचे, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा सगळा बाजार तिथंच वसला. दिवाळी सरली, धान घरात आलं, की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे कोंबड्याच्या बांगेला संपतं. हे होळीपर्यंत चालतं. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते ‘अजून?’ असं विचारतात. २०२३ साली आपले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी वर्तमानपत्रात झाडीपट्टी हा शब्द वाचला.

तर अशा कंपनीच्या मालकाला वेबसाइट हवी होती. गावांनी तारखा पाहाव्यात, नाटकाचं नाव पाहावं, ॲडव्हान्स पाठवावा. सोपं काम. मुलानं पंधरा दिवसांत करतो म्हणून सांगितलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

“अन् तो हिरो नाई का,” वहिनींनी आवाज खाली आणला, म्हणजे रस्त्यापर्यंत जाईल एवढाच ठेवला, “तो तं रुसलाच बाप्पा. म्हनते, माहा फोटो व्हिलनच्या खाली काऊन? मी गाडीत बसनार नाई. मालकानं पोट्ट्याले फोन केला, का तू कोनाचे पैसे खाऊन फोटो वरखाली केले?”

“मग? केले होते का?”

“नाई जी! आमच्या घरी तं सगरे एका वरीत दिसते. पंगतीले बसल्यावानी. मी सोता पाह्यलं.”

इतक्यात तो स्वतःच बाहेर आला. डोळे लाल, अंगावर शाल, हातात लॅपटॉप. मला पाहिल्यावर त्याला जरा धीर आला असावा, कारण या गल्लीत त्याचं म्हणणं समजणारी मी एकटीच. माझी इथं टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. १९८२ च्या २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि नव्या कचेऱ्यांना टायपिस्ट कुठून आणायचे असा प्रश्न पडला. त्याच्या पुढच्याच वर्षी मी चार यंत्रं घेऊन बसले. पुढे यंत्रं गेली, कॉम्प्युटर आले, एमएस-सीआयटी आली. शेवटी तीही घरोघरच्या फोननं गिळली. पण खटखट अजून बोटांत आहे.

“काकू, हे बघा,” त्यानं भगदाडातून लॅपटॉप पुढे केला. सहा फोटो, एका ओळीत, सारख्या मापाचे. मागे नाटकाच्या दर्शनी पडद्याचा मखमली तांबडा रंग. छान दिसत होतं. “आता हे मालकाच्या ऑफिसातलं.” त्यानं फोनवरचा एक फोटो दाखवला, कॉम्प्युटरच्या पडद्याचा वाकडा काढलेला. त्यात सहाही जण एकाखाली एक उभे होते. रेशनच्या रांगेत उभे असावेत तसे. हिरोनं फोटो उशिरा पाठवला होता, म्हणून तो यादीत चौथा. पंगतीत चौथ्याला काही वाटत नाही, पण रांगेत चौथा म्हणजे चौथाच.

“ऑफिसात कॉम्प्युटर कोणता आहे?”

“एक्सपी.”

मी कपाळावर हात मारला. विंडोज एक्सपी २००१ ची. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला तिच्याकडे बघणं सोडलं. त्यानंतर दोन वर्षांनी क्रोमनंही तिला नवे कपडे शिवणं बंद केलं. तिच्यावर चालणारा शेवटचा क्रोम एकोणपन्नास नंबरचा, २०१६ सालचा. आणि या पोरानं फोटोंची पंगत मांडायला जी रीत वापरली होती, तिला ग्रिड म्हणतात, ती क्रोमला समजायला लागली सत्तावन्न नंबरापासून, २०१७ च्या मार्चात. जुन्या ब्राउझरचं एक आहे, न समजलेलं तो विचारत नाही. ओळ गाळतो आणि पुढे जातो. पंगत मांडा म्हटलेलं त्यानं ऐकलंच नाही. फोटो दिले आहेत, ठेवले एकाखाली एक.

“मंग नवा कम्प्युटर घ्या म्हना,” वहिनी म्हणाल्या.

“आई, त्याच्यावर त्यांचा हिशोब आहे. बारा वर्षांचा. त्याला हात लावू देत नाहीत.”

यात मी मालकाला दोष देणार नाही. माझ्या इन्स्टिट्यूटमध्येही एक मशीन असं होतं, की त्याच्यावरचा प्रोग्राम दुसरीकडे चालेना. एका कार्यालयाची वेबसाइट तर अशी होती, की डिजिटल सही करायची असेल तर इंटरनेट एक्सप्लोररच लागे. त्यासाठी मी ते जुनं धूड कितीतरी वर्षं पोसलं. लोक येत, सही करून जात, आणि जाताना म्हणत, बाई, तुमचा कॉम्प्युटर किती स्लो आहे.

“एक्सप्लोरर म्हंजे तो निरा ‘ई’?” वहिनींना तो आठवला. त्यांच्या मुलीचा दहावीचा निकाल आम्ही त्याच्यावरच पाहिला होता.

“तोच. त्याची कथा ऐका. २००१ साली त्याचा सहावा अवतार आला. दोन-तीन वर्षांत जगातल्या दहातले नऊ कॉम्प्युटर त्याच्याकडे. समोर कोणी उरलंच नाही, मग मायक्रोसॉफ्टनं ठरवलं, आता कशाला मेहनत. सातवा आणायला पाच वर्षं लावली, २००६ पर्यंत.”

“घरात एकटीच सून असली का असंच होते,” वहिनी म्हणाल्या. कोणाबद्दल बोलल्या ते मला कळलं, पण ते आजच्या विषयात नको.

“त्या पाच वर्षांत साइटी बनवणाऱ्यांनी इतका त्रास काढला, की प्रत्येक गोष्ट दोनदा करायची. एकदा सगळ्यांसाठी, एकदा त्या सहाव्यासाठी. पारदर्शक चित्र टाकलं तर तो त्याच्यामागे राखी रंगाचा डबा दाखवायचा. २००९ साली यूट्यूबच्या काही इंजिनिअरांनी वैतागून, वरच्या साहेबांना न विचारता, वर एक पट्टी लावली. तुमचा ब्राउझर जुना झाला, आम्ही लवकरच त्याला सोडणार, असं. साहेबांना कळेपर्यंत बातमी जगभर.”

“नोकऱ्या गेल्या असतीन!”

“नाही गेल्या. गंमत अशी, की साहेबांना वाटलं, परवानगी दुसऱ्या कोणीतरी दिली असेल.”

हे ऐकून तो पोरगा आठवड्यात पहिल्यांदा हसला. मग त्यानंच सांगितलं, की २०२२ च्या १५ जूनला एक्सप्लोररचा कारभार अधिकृतपणे बंद झाला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका इंजिनिअरनं पदरचे पैसे खर्चून त्याचा दगडी स्मारकस्तंभ करवला आणि भावाच्या कॅफेच्या गच्चीवर उभा केला. त्यावर कोरलं होतं, की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार कामाचा होता.

“समाधी!” वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कम्प्युटरातल्या ‘ई’ले समाधी! अन् आपल्या गावात तेराव्याले चार मानसं मिरत नाई.”

चौकोनाचं राहिलंच. तो मला पाहता क्षणी कळला. पानावर मोठ्या अक्षरात ‘ॲडव्हान्स बुकिंग’ लिहिलेलं. मालकाच्या पडद्यावर ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन आणि पुढे ‘डव्हान्स बुकिंग’. त्यामुळे ऑफिसात नवी शंका निघाली होती, की हा डव्हान्स कोण, आणि त्याला बुक का करायचं.

हा ‘ॲ’ आपण शाळेत शिकलेलाच नव्हे. मराठीत त्याचा उच्चार पूर्वीपासून, पण युनिकोडच्या यादीत त्याला स्वतःचं घर २००८ साली मिळालं. शासनानं मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिली ती २००९ च्या नोव्हेंबरात. तिच्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मानानं बसले. एक्सपी त्याच्या सात-आठ वर्षं आधीची. तिच्या मंगल फॉन्टाला हे नवं बाळ ठाऊकच नाही. बारशाचं आमंत्रण गेलं नाही म्हणा.

“मग साइटीबरोबर फॉन्ट का नाही पाठवलास?” मी विचारलं.

“काकू, नेट! नाटकं लागतात ती सगळी जंगलातली गावं. तिथं टॉवरची एक कांडी आली तर आली. पान हलकं राहावं म्हणून फॉन्ट वगळला.”

बरोबर होतं त्याचं. मी त्याला जुनी युक्ती सांगितली: ‘अ’ लिहायचा आणि त्याच्यावर वेगळी चंद्रकोर द्यायची, आम्ही असंच करायचो. त्यानं तिथंच करून पाहिलं. मालकाच्या ऑफिसात फोन करून विचारलं. चौकोन गेला, आनंदीआनंद. मग त्यानं स्वतःच्या नव्या फोनवर पान उघडलं, तर ‘अ’ एकीकडे आणि चंद्रकोर एका ठिपक्यांच्या वर्तुळावर बसून दुसरीकडे. जुन्याला बरं केलं की नव्याला पडसं होतं.

“ते शब्दच काढून टाका न,” वहिनी म्हणाल्या. “‘इसार’ लिवा. गावातले लोक इसारच म्हनते.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दीड महिना हा शब्द कोणाच्याच तोंडी आला नव्हता. साइटीवर ‘इसार’ गेलं आणि कुठल्याही मशीनवर ते फुटलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गंमत याच्याही आधीची, दिवाळीच्या सुमाराची. तेव्हा मी फक्त ऐकलं होतं, त्या सकाळी पुरावा पाहिला.

कलाकारांची माहिती साइटीवर टाकायची होती. कोणी किती वर्षं काम केलं, कोणती भूमिका गाजली, कुठली गाणी म्हणतो. ती सगळी माहिती छापखान्यातल्या मुलाकडे तयार होती, कारण पत्रकं तोच छापतो. त्यानं फाइल पाठवली. आमच्या पोरानं ती उघडून साइटीवर चिकटवली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा. त्यानं कळवलं, फाइल खराब आहे, पुन्हा पाठव. त्यानं पुन्हा पाठवली. पुन्हा सडा. तिसऱ्यांदा याला वाटलं व्हायरस आहे. तिकडे तो मुलगा ग्रुपवर लिहितो, माझ्याकडे बरोबर दिसतं, पुण्यावाल्याला मराठी येत नाही. मग मालकानं लिहिलं, भांडू नका. मग हिरोईननं गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. असे आठ दिवस गेले.

“हेच बघा ते,” म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला.

पहिली ओळ मी वाचली. यू, के, मोठा व्ही, डी.

“नाटक,” मी म्हटलं.

“काय?”

“नाटक लिहिलंय. यू म्हणजे ‘न’, के म्हणजे काना, शिफ्ट दाबून व्ही म्हणजे ‘ट’, डी म्हणजे ‘क’. नाटक. पुढे डी-के-ई. काम. ‘नाटक काम’... थांब, मध्ये एक अक्षर आहे... ‘नाटकात काम’.”

त्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी अंगात आल्यावर बोलतेय. त्यात काहीच नव्हतं हो. रेमिंग्टनचा मराठी कीबोर्ड ज्यानं पाठ केला, त्याला हे दिसतंच. टाइपरायटरवर जिथं ‘क’चा खिळा होता, तिथं कॉम्प्युटरवर इंग्रजी डी. कृतिदेव फॉन्ट केला तेव्हा करणाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: कॉम्प्युटरला वाटू द्यायचं डी दाबला, आणि पडद्यावर डीला ‘क’चा मुखवटा चढवायचा. श्री-लिपीनं, आणखी कितीतरी फॉन्टांनी, आपापली सोंगं घेतली. मुखवटा असलेल्या मशीनवर मराठी. फाइल दुसऱ्या गावी नेली, तिथं तो फॉन्ट नसला, की आतला डी उघडा पडतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं ‘क’ हा आतून-बाहेरून ‘क’च असतो. पण छापखाने, फ्लेक्सवाले, कितीतरी लोक अजून मुखवट्यावरच आहेत, कारण त्यांचे हात तिथं बसलेत आणि मागच्या वीस वर्षांच्या फाइली तिथं पडल्यात. त्यांना मागासलेलं म्हणणाऱ्यांनी एकदा दुसरा कीबोर्ड शिकून पाहावा.

म्हणजे छापखान्यातला मुलगा खरं बोलत होता आणि आमचा पोरगाही. दोघांच्या घरी बरोबर होतं. कृतिदेवाचं युनिकोड करायला कन्व्हर्टर मिळतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण समोरचा बिघाड नसून लिपी आहे, हे आधी कळायला हवं ना. ते एका फोनात कळलं असतं. ‘तुला काय दिसतंय, वाचून दाखव.’ ग्रुपवर सत्तेचाळीस निरोप झाले, पण हे वाक्य कोणी लिहिलं नाही.

“अन् आरमोरी कसं लिवते त्याच्यात?” वहिनींनी विचारलं.

मला आठवावं लागलं नाही, बोटांनीच सांगितलं. व्ही, के, जे, ई, के, एस, जे, एच.

“नवसाचा मंत्र वाटते,” त्या म्हणाल्या आणि लाखोळीच्या भाजीची वाटी भगदाडातून माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकल काढून वडशाला गेला. दीड महिन्यात पहिल्यांदा. संध्याकाळी परत आला तेव्हा मी मुद्दाम कुपाटीपाशी वाळलेले कपडे काढत होते. दोनदा काढले.

“काकू, रंगाचं कळलं.”

रंगाची तक्रार मी सांगायची विसरले. मालकाचं म्हणणं होतं, पडदा राखेसारखा दिसतो, मढं झाकल्यावानी. यानं तांबडा चार वेळा गडद केला. शेंदरी करून पाहिला. पुण्याच्या मैत्रिणीकडून रंगसंगती करवून घेतली. मालक म्हणे, राखच आहे.

“मालक कॉम्प्युटरवर बघतच नाहीत,” तो म्हणाला. “ऑफिसातला पोरगा पान उघडतो, प्रिंट काढतो, आणि मालकाच्या टेबलावर ठेवतो. प्रिंटर काळा-पांढरा आहे.”

मी त्या कपड्यांच्या ढिगावरच बसले. वहिनी मात्र हसल्या नाहीत. “मंग तुमी आधी काऊन नाई गेले?” एवढंच त्यांनी विचारलं. पोरानं उत्तर दिलं नाही. पाणी प्यायला आत गेला.

परत आला तो दुसरं गाऱ्हाणं घेऊन, आणि ते मात्र खरंच वाईट होतं. एकाच रात्री दोन गावांना नाटक दिलं गेलं होतं. एक गाव कुरखेड्याकडचं, एक वैनगंगेपलीकडचं. दोघांचा इसार घेतलेला. कंपनीत तारखा लिहायच्या जागा तीन. मालकाची लाल वही, मॅनेजरच्या फोनमधली यादी आणि ड्रायव्हरच्या खिशातली चिठ्ठी. मालक नाटक ज्या रात्री सुरू होतं ती तारीख लिहितो. मॅनेजर मंडईची तारीख लिहितो, ती कधी दुसऱ्या दिवशीची असते. ड्रायव्हर लिहितो, गाडी कधी सोडायची. तिघंही बरोबर.

“आणि माझी साइट चौथी,” तो म्हणाला. “तिचं तर सगळ्यात भारी. रात्री बारा वाजले की ती त्या दिवसाचं नाटक ‘झालेले प्रयोग’मध्ये टाकते. तिकडे अजून हिरोची एन्ट्री व्हायची असते.”

मला एकदम कार्बन पेपर आठवले. कचेरीचं पत्र पाच प्रतींत टाइप करायचं असे. चूक झाली की पाचही प्रतींत, प्रत्येक कार्बनमागे चिठ्ठी सारून, पाच वेळा खोडावं लागे. नवशिक्या मुली वरच्या प्रतीत खोडायच्या आणि खालच्या चारांत चूक तशीच जायची. साहेबाकडे एक पत्र, तहसीलला दुसरंच. मी त्याला विचारलं, तुमच्या पुण्यात हे कसं करता?

तर त्यानं गिट नावाची गोष्ट सांगितली. लिनक्सवाले लिनस टॉरवाल्ड्स आणि त्यांचे जगभर पसरलेले सोबती एका खासगी प्रोग्रामवर आपलं काम जुळवायचे. २००५ साली त्याच्या मालकाशी बिनसलं, फुकट वापर बंद झाला, तेव्हा टॉरवाल्ड्सनी थोड्या दिवसांत स्वतःचं हत्यार घडवलं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, सगळं त्यात राहतं, आणि दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर ते तिथंच अडवतं: आधी आपसात ठरवा, मग पुढे जा. “आमच्याकडे ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘फायनल मालकानं पाहिलेलं’ अशा फाइली नसतात,” तो म्हणाला. मला नवल वाटलं ते त्यानं पुढे सांगितलं त्याचं. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत पहिला ब्राउझर केला, त्यात पान वाचता यायचं आणि त्याच खिडकीत लिहिताही यायचं. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या शास्त्रज्ञांना एकमेकांचं काम कळावं, यासाठी तर हे सगळं होतं. लिहिण्याचं पुढे मागे पडलं. वाचणाराच ब्राउझर घरोघर गेला.

“ते गिट का फिट मालकाले शिकवनार का तू?” वहिनी म्हणाल्या.

“नाही. एकच वही करायची. पण लिहिणार कोण, त्याच्यावर अडलंय. मालक मॅनेजरवर विश्वास ठेवत नाही, मॅनेजर मालकाचं अक्षर वाचू शकत नाही.”

“प्रॉम्प्टर कोण आहे त्यांचा?” मी विचारलं.

झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं त्याला सांगायला नको. आज एका गावी एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरं, तालमीला वेळ नाही. सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. संहितेची एकच प्रत, ती त्याच्या हातात. राजाचं वाक्य तोच सांगतो, भिकाऱ्याचंही तोच. कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही, कारण त्याचा फोटो पत्रकावर नसतोच.

“म्हातारे आहेत एक. चष्मा लावतात. फोन साधा आहे.”

“गाडीत जागा कोणती, हे त्यांना विचारून बसतात की नाही सगळे?”

“बसतात.”

“मग झालं.”

त्यानं तसं केलं. आता तारीख फक्त प्रॉम्प्टर-काका सांगतात. ते ऑफिसातल्या पोराला बोलून दाखवतात, पोरगा साइटीवर चढवतो आणि मोठ्यानं परत वाचून दाखवतो. लाल वही आहेच, पण तिच्यात आता साइटीवरून उतरवून घेतात. कुरखेड्याकडच्या गावाला दुसरी रात्र दिली, वर एक लावणी फुकट कबूल करावी लागली. फोटोंसाठी पोरानं जुन्या ब्राउझरला समजेल अशी साधी मांडणी केली. तिच्यात पंगत थोडी वाकडी दिसते, पण हिरो पहिला आहे. रंग परत मूळचा तांबडा. मालकाला प्रिंटवर तो अजून राखच दिसतो, पण आता ते बोलत नाहीत.

काल वहिनींनी पुन्हा हाक मारली. ‘ई’ लांबलेला.

“बाई, नाटकाले येता न? आपल्याच इकडे हाये. मालकानं दोन पास देल्ले, पोट्ट्याच्या मेहनतीचे. सत्तावीस तारखेले.”

मी फोन काढला, साइट उघडली. उगाच नाही, आता आपल्याच घरची साइट. “वहिनी, इथं तर सत्तावीस-अठ्ठावीस लिहिलंय.”

“हे आता नवीनच. मंग खरं कोनतं?”

“बारानंतरचं अठ्ठावीसमध्ये धरतात. प्रॉम्प्टर-काकांनीच तसं लिहायला सांगितलंय.”

वहिनींनी सूप झटकलं. “म्हंजे सत्तावीसले जेवून निंगाचं, अन् अठ्ठावीसले उजाडल्यावर घरी येवाचं. तसं तं मी माह्या लग्नापासून करून राह्यलो.” मग भगदाडातून हात पुढे करून म्हणाल्या, “माही वाटी द्या. अन् चटई तुमची आना, गोधडी मी आनतो. मांगच्या वेरी दोघीबी चटयाच घेऊन गेलो होतो.”